चिमणीचं रक्त किती काढायचं?

गौरी-गणपतीच्या तोंडावर आमच्या मंगळवार पेठेतल्या लॅबमध्ये तापाच्या पेशंटची जी गर्दी सुरू होते ती दिवाळीपर्यंत हटत नाही. ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न त्या दिवसांत कोल्हापुरात कोणीही कोणालाही विचारतं, अगदी मिसळीच्या गाड्यावरसुद्धा. डेंग्यूच्या टेस्ट-कार्डावर आयजीएमची, म्हणजे ताज्या लागणीच्या प्रतिपिंडांची, रेघ उमटली की पेशंटचा मुलगा मोबाइलवर तिचा फोटो काढतो, डॉक्टरांना पाठवतो, आणि त्यांच्यापुरतं निदान झालेलं असतं.

मला मात्र ती रेघ दरवर्षी थोडी छळते. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, आपल्या सिंधुदुर्गातला माकडताप, या सगळ्यांचे विषाणू एकाच कुळातले. शरीर त्यांच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं बनवतं ती इतकी मिळतीजुळती असतात की साध्या टेस्टला एक दुसऱ्यासारखा वाटू शकतो. काटेकोर लिहायचं ठरवलं तर ‘डेंग्यू आयजीएम पॉझिटिव्ह’ऐवजी ‘या घरातलं कोणीतरी येऊन गेलं, बहुधा डेंग्यू’ असं लिहावं लागेल. तसं लिहिलं तर डॉक्टर फोन करून विचारतील, तब्येत बरी आहे ना. आणि आपल्याकडे डेंग्यूच इतका आहे की रेघ बहुतेक वेळा खरं बोलते. पण ‘बहुतेक वेळा’ या दोन शब्दांत काय काय लपून राहत असेल, हा किडा एकदा डोक्यात शिरला की जात नाही.

डेंग्यूचं एक बरं असतं, तो माणसाचाच आजार. माणूस, डास, पुन्हा माणूस. मध्ये तिसरं कोणी नाही. वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वर यांचा संसार वेगळा. त्यांचं मूळ घर पाखरांच्या रक्तात. डास एका पाखराला चावतो, दहा-बारा दिवसांत विषाणू त्याच्या लाळेत उतरतो, मग तो दुसऱ्या पाखराला चावतो. हे चक्र आपल्याला पत्ता न लागता महिनोन्महिने फिरत असतं. माणूस त्यात चुकून सापडतो. आपल्या रक्तात हे विषाणू इतके थोडे वाढतात की आपल्याला चावलेला डास पुढे कोणाला आजारी करू शकत नाही. म्हणजे विषाणूच्या दृष्टीनं आपण बोळाचं शेवटचं टोक, पुढे रस्ता नाही. माणसाच्या नळीत तो दिसतो तेव्हा बाहेर तळ्यावर, भातात, झाडावर त्याची केव्हाच रेलचेल झालेली असते. आमच्या लॅबकडे येते ती सगळ्यांत शिळी बातमी.

ताजी बातमी कशी मिळते याचं सगळ्यांत चोख उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. तिथे पाखरांना पकडून पायात क्रमांकाची कडी घालणारे, त्यांचं वजन-माप घेऊन सोडून देणारे हौशी लोक पुष्कळ. विषाणूतज्ज्ञांनी या मंडळींशी संधान बांधलं: पाखरू हातात आहेच, तर एक नमुना आमच्यासाठी घ्या. २०२० साली उट्रेख्तजवळ पांढऱ्या गळ्याचा एक वटवट्या जाळ्यात आला. चिमणीपेक्षा लहान पक्षी. वसंतात तपासला तेव्हा काही नव्हतं. २२ ऑगस्टला तोच, त्याच कडीचा पक्षी पुन्हा सापडला आणि या खेपेला नमुन्यात वेस्ट नाइल निघाला. हा पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत असतो, त्यामुळे एरवी ‘तिकडून घेऊन आला असेल’ म्हणून विषय संपला असता. पण वसंतात त्याच्याजवळ नव्हता आणि ऑगस्टमध्ये आहे, याचा अर्थ लागण तिथल्याच डासानं केली. मग त्याच जागचे क्युलेक्स जातीचे डास तपासले. ४४ गटांपैकी दोन गटांत विषाणू. आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच भागात, पहिला माणूस. तोवर तिथल्या डॉक्टरांना ठाऊक झालं होतं की मेंदूला सूज आलेला, कारण न सापडणारा पेशंट आला तर कोणती टेस्ट लावायची. आधी येऊन गेलेल्या पेशंटांचे साठवलेले नमुनेही त्यांनी पुन्हा बाहेर काढले. हे सगळं कशामुळे, तर एका मूठभर पाखराच्या पायात नंबर होता म्हणून.

आपल्याकडे बातमी माणसापासून सुरू होते. केरळात २०११ साली आलप्पुळाकडे मेंदूज्वराच्या पेशंटमध्ये वेस्ट नाइल सापडला, २०१९ मध्ये मलप्पुरममध्ये एक लहान मुलगा गेला, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा पेशंट निघाले आणि राज्याला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. विषाणू नवा म्हणावा तर तसंही नाही. मुंबईच्या लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा १९५२ मध्येच सापडल्या होत्या, आणि महाराष्ट्रातल्या गटारी क्युलेक्स डासांतून तो वेगळाही काढलेला आहे. या आजाराचा हिशेब मोठा फसवा असतो. लागण झालेल्या दहांपैकी आठ जणांना काहीच जाणवत नाही, बाकीचे साधा ताप म्हणून क्रोसिन घेऊन मोकळे होतात, आणि दीडशेत एखाद्याच्या मेंदूपर्यंत तो पोचतो. जपानी मेंदूज्वर याहून चोरटा. अडीचशे लागणींमागे एक आजारी पडतो, पण आजारी पडलेल्यांतले शंभरात तीसपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांतल्या कित्येकांना जन्माचं अपंगत्व येतं. त्यात पोरं जास्त. एवढ्या चाळणीतून गळून माझ्या टेबलावर काय येणार?

अमेरिकेत हे १९९९ साली झालं तेव्हा माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एकाच शहरात दोन वेगळ्या गोष्टी बघत होते. उन्हाळ्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात म्हातारी माणसं मेंदूज्वरानं भरती होऊ लागली. तपासण्या झाल्या, सेंट लुई मेंदूज्वर असं जाहीर झालं, विमानांनी औषध फवारणी सुरू झाली. त्याआधीपासून त्याच शहरात कावळे पटापटा मरून पडत होते. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांच्या टेबलावर आधी कावळे आले, मग संग्रहालयातले फ्लेमिंगो, पाणकावळा. त्यांचं म्हणणं साधं होतं: सेंट लुई पाखरांना असं मारत नाही. घोड्यांना होणारा दुसरा एक मेंदूज्वर म्हणावा, तर त्यानं इमू आधी गेले असते, आणि इमू तर ठणठणीत आहेत. म्हणजे हे तिसरंच काहीतरी आहे. एवढं पटवून द्यायला त्यांना नमुने घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जावं लागलं, कारण माणसांचं खातं पाखरं तपासत नाही आणि पाखरांचं खातं माणसं. सप्टेंबरच्या अखेरीला नाव पक्कं झालं: वेस्ट नाइल. १९३७ मध्ये युगांडात एका बाईच्या रक्तात सापडलेला विषाणू, पश्चिम गोलार्धात प्रथमच. त्या हंगामात तिथे सात माणसं दगावली. मला या हकिकतीत सगळ्यांत भारी वाटतो तो इमू. न मेलेलं पाखरूसुद्धा पुरावा असतं, हे लॅबमधल्या माणसाला फार लवकर कळतं. निगेटिव्ह रिपोर्टवरच आमचं अर्धं पोट चालतं.

कावळ्यावरून आपल्याकडचं सांगते. कोल्हापुरात कावळ्याकडे टक लावून बघायचा एकच दिवस, रक्षाविसर्जनाचा. पंचगंगेच्या स्मशानभूमीत राख सावडून झाली, नैवेद्य मांडला की सगळे पाहुणे चार पावलं मागं सरून आभाळाकडे बघत उभे. नैवेद्यात भात-दही-लाडू असतातच, शिवाय गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीबाही. कुणाची तंबाखूची पुडी, कुणाला शेव-चिवडा, एका पैलवानासाठी पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवलेली मी स्वतः पाहिलीय. कावळा येईना की कुजबुज सुरू होते. मग थोरला भाऊ पुढे होऊन हात जोडतो, ‘धाकटीचं लगीन आम्ही बघतो, काळजी करू नका.’ तरी येईना. मग कुणीतरी म्हणतं, ‘पूर्वी कशी झुंड यायची, आता कावळंच राह्यलं न्हाईत.’

या वाक्यापाशी मी दरवेळी अडकते. कधीपासून राहिले नाहीत? किती होते? मेले, की कचरा उठाव नीट व्हायला लागल्यावर दुसरीकडे गेले? शहरातला प्रत्येक माणूस आयुष्यात कितीतरी वेळा कावळ्याची वाट बघत उभा राहतो आणि एकाही कावळ्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. सरकारदरबारीही कावळ्याची गत परवापरवापर्यंत उंदीर-घुशींच्या पंगतीतली होती. वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांचं एक परिशिष्ट होतं, त्यात उंदीर, फळं खाणारी वटवाघळं आणि कावळा. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच निघालं.

तरी अमेरिकेची युक्ती जशीच्या तशी उचलून चालायची नाही. मेलेले कावळे मोजले की विषाणू कळला, हे तिथे जमलं कारण तिथल्या कावळ्यांची या विषाणूशी जन्मात गाठ पडलेली नव्हती. आफ्रिका-आशियात ही ओळख जुनी. पाखरं चार-सहा दिवस रक्तात विषाणू बाळगतात, त्या काळात शेकडो डास त्यांना चावून जातात, आणि पाखरू पुन्हा चरायला लागतं. रस्त्यावर एकही पडत नाही. शिवाय कोल्हापुरात कावळा मरायला विषाणूच लागतो असंही नाही. उंदरांसाठी ठेवलेलं औषध आहे, उसावरची फवारणी आहे, विजेच्या तारा आहेत, आणि बर्ड फ्लू आहेच. २०२१ च्या जानेवारीत राज्यात किती ठिकाणी मेलेल्या कावळ्यांचे फोटो फिरत होते ते आठवत असेल. म्हणून मेलेलं पाखरू टिपायचं, पण त्यावर विसंबायचं नाही. जिवंत पाखराचं रक्त बघावं लागतं.

ते कसं काढतात हे मी एका शिबिरात जवळून पाहिलं. माझा धंदाच शीर शोधण्याचा, त्यामुळे बाकीचे पाखराचे रंग बघत होते तेव्हा मी रक्त काढणाऱ्या मुलीची बोटं बघत होते. जाळं केसासारख्या बारीक धाग्याचं, दोन बांबूंमध्ये ताणलेलं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी जाऊन बघायचं, नाहीतर पाखरू उन्हानं किंवा भीतीनंच जातं. सोडवलेली चिमणी सुती कापडाच्या पिशवीत घालून, पिशवीसकट तराजूला लटकवली. मग मुलीनं ती हातात घेतली, मान पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात, पाठ तळव्याला टेकलेली. पंख उलगडला, कोपराच्या आतल्या बाजूची पिसं ओल्या बोळ्यानं बाजूला केली. पाखराची कातडी इतकी पातळ की शीर खालून निळी रेघ ओढल्यासारखी दिसते. टुर्निकेट नाही, ‘मूठ आवळा’ नाही. इन्सुलिनच्या सिरिंजला असते तेवढी बारीक सुई, तीही जवळजवळ आडवी. घाई केली तर शीर फुटून जागच्या जागी टेंगूळ येतं.

नियम असा की वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त घ्यायचं नाही. चिमणी साधारण २५ ग्रॅमची, म्हणजे पाव मिलिलिटर. पाच थेंब. आम्ही सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिलि घेतो आणि कमी भरली तर नाक मुरडून पुन्हा टोचतो. इथे त्या पाच थेंबांतून विषाणूही शोधायचा आणि प्रतिपिंडंही. विषाणू सापडला तर लागण या आठवड्यातली, प्रतिपिंडं सापडली तर ती कधीतरी होऊन गेलेली. या वर्षी जन्मलेल्या पिल्लात प्रतिपिंडं निघाली तर मात्र फार मोलाचं, कारण लागण याच हंगामातली. आईकडून अंड्यातून आलेली नसावीत एवढं बघावं लागतं. आणि माझ्या आयजीएमच्या रेघेचा घोळ इथेही आहेच. कुळातल्या कोणत्या भावंडानं हजेरी लावली ते ठरवायला जिवंत विषाणूंसमोर ते सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) उभं करावं लागतं, कोणाला ते अडवतं ते बघावं लागतं. हे कोपऱ्यावरच्या लॅबचं काम नव्हे.

टोचल्यावर मुलीनं कापूस धरून ठेवला, रक्त थांबलं याची खात्री केली, आणि मूठ उघडली. चिमणी जाता जाता तिच्या अंगठ्याला कडकडून चावली.

आता वाटेल की ही सगळी युरोप-अमेरिकेची मिजास. तर तसं मुळीच नाही. याच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांचा एक धागा पुण्यात येतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कैरोच्या उत्तरेकडच्या खेड्यांत काही लोक कावळे, चिमण्या आणि डास तपासत होते. वेस्ट नाइल पाखरांत कसा फिरतो हे तिथे पहिल्यांदा नीट उलगडलं. त्यांतले एक टेलफोर्ड वर्क. ते पुढे पुण्याला आले, १९५२ मध्ये सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक म्हणून. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापली, तेव्हा तपास याच केंद्रानं केला. माकडताप गोचिडीमुळे पसरतो, डासांमुळे नाही. पण त्याचा विषाणू सैबेरियाकडच्या एका तापाच्या विषाणूशी नात्यातला निघाला. मग प्रश्न आला की एवढ्या लांबून हा आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पाखरांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर?

या प्रश्नासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि सालिम अली यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं हजारो पाखरांना कड्या घातल्या, गोचिडी गोळा केल्या, रक्ताचे नमुने घेतले. सैबेरियाहून पाखरांनीच तो आणला याचा ठोस पुरावा काही हाती लागला नाही. आपली पाखरं कुठून येतात, कुठे जातात याचं ज्ञान मात्र त्या कड्यांतून भरपूर मिळालं. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या रोगसर्वेक्षणाचा पैसा मिळाला आणि वादाला तोंड फुटलं: सीमा ओलांडणाऱ्या पाखरांच्या रक्तात परदेशी लष्कराला एवढा रस का? सत्तरच्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीनं परदेशी पैशावरच्या अशा प्रकल्पांची झाडाझडती घेतली, त्यात दिल्लीचा डासांचा प्रकल्प होता तसा हाही. मला तो संशय वेडगळ वाटत नाही. कोणतं पाखरू कोणता रोग कुठवर नेऊ शकतं, ही माहिती औषध करणाऱ्यालाही लागते आणि शस्त्र करणाऱ्यालाही. पण संशय आला तर काम आपल्या पैशानं, आपल्या अटींवर पुढे न्यायचं असतं. तसं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, असं माझं मत.

तो माकडताप आता दोडामार्गात आहे, २०१६ पासून तिथे माणसं दगावलीत. आपल्या चंदगडाला लागून. तिथल्या गावकऱ्यांना आज पक्कं कळतं की जंगलात माकड मेलेलं दिसलं तर सांगायचं. म्हणजे आपल्या लोकांना हे जमत नाही असं नाही. कोणी विचारलं तर जमतं.

आता आमच्या गल्लीकडे यायला हवं, कारण खरी पंचाईत तिथे झाली. रंकाळ्यापासून पाच मिनिटांवर आमची वसाहत. टोकाला जुना रेन ट्री, त्यावर पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत भरते. ढोरबगळे जास्त, थोडे वंचक, वरच्या अंगाला रातबगळे. जून ते सप्टेंबर झाडाखालून जायचं तर छत्री हवी, पाऊस असो वा नसो. पिल्लं मासे उलटतात, ते डांबरावर पडून सडतात. शेजारच्या अण्णांची गाडी नेमकी त्या झाडाखाली. अण्णांचा बगळ्यांवर जुना राग, आणि त्याला मीच खतपाणी घातलं. कट्ट्यावर बसून मी त्यांना रंगवून सांगितलं होतं की जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांच्या कुळात कसा वाढतो, १९५० च्या दशकात टोकियोजवळ रातबगळ्यांच्या वसाहतीत जाऊन लोकांनी तो कसा शोधला, आपल्या कर्नाटकात वंचक आणि ढोरबगळ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा कशा सापडल्या. अण्णा शांतपणे ऐकत होते. आठवड्यानं वसाहतीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज: झाड तोडण्यासाठी महापालिकेला अर्ज, सह्या कराव्यात, कारण ‘मेंदूज्वराचा धोका’.

‘तुम्हीच सांगितलासा की ताई, बगळ्याच्या रक्तात असतंय म्हणून.’

यावर काय बोलायचं? पाखरांवर नजर ठेवा म्हणणाऱ्या प्रत्येकाची ही अडचण आहे. पोलिसांनी साक्षीदाराला चौकीत बोलावलं तरी गल्लीत तो चोर ठरतो. मी अण्णांना म्हटलं, बगळा तुम्हाला चावतो का? बगळ्यापासून तुमच्या नातवापर्यंत यायला विषाणूला डासच लागतो, आणि तो डास झाडावर जन्मत नाही. जपानी मेंदूज्वराचे डास भातखाचरांच्या पाण्यात वाढतात. आपल्या गटारांत, जयंती नाल्यात वाढतो तो दुसरा क्युलेक्स, वेस्ट नाइलला चालणारा. बगळ्याहून डुकराच्या अंगात हा मेंदूज्वराचा विषाणू जोमानं वाढतो, आणि डुकरं नाल्याकडेनं मोकाट हिंडतायत त्यावर कोणाची सही नाही. झाड पाडलं तर पिल्लं मरतील, थोरले उडून पुढच्या गल्लीत घर करतील, डास इथेच राहतील. शिवाय १९७५ च्या कायद्यानं विनापरवाना झाड पाडता येत नाही, हेही जाता जाता ऐकवलं.

‘मग आमच्या म्हशींस्नी चावत न्हाईत व्हय ते डास?’ अण्णांचं गाव राधानगरीकडे, घरी अजून गोठा आहे.

हा प्रश्न नेमका होता. चावतात, आणि म्हशीला आधी चावतात. भातातल्या या डासाला माणसापेक्षा जनावर प्रिय. गुरांच्या रक्तात विषाणू पुरेसा वाढत नाही, त्यामुळे म्हशीला चावलेला डास तिथे वाया जातो. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांना ऐकून बरं वाटेल की म्हैस आणखी एका कामी येते. पण तिचीच दुसरी बाजूही आहे. गोठा घराला लागून असला तर रक्त मुबलक, म्हणून डासही मुबलक, आणि त्यांतला एखादा ओसरीवर झोपलेल्या पोरापाशी येतोच. गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात आषाढात चिखलणी सुरू होते तेव्हा टिलरमागं ढोरबगळे चालत असतात, बांधावर म्हशी असतात, खाचरात नवं पाणी असतं आणि बगळ्यांच्या घरट्यांत पिसं न फुटलेली पिल्लं. डासाला टोचायला याहून सोपं काही नाही. सगळं एकाच महिन्यात. बघायचंच तर तिथे आणि तेव्हा बघायला हवं, आणि बघायचं त्यांनी ज्यांच्याकडे वनखात्याची परवानगी आहे. माझ्यासारखीनं सुई घेऊन झाडावर चढायचं नाही.

पाखराला हात न लावता करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. ऑस्ट्रेलियात सापळ्यात मध लावलेलं कार्ड ठेवतात. डास मध चोखताना त्यावर थुंकतो, आणि थुंकीत विषाणू असेल तर तो कार्डावर टिकून राहतो. डासाच्या पोटातल्या रक्तावरून तो कोणाला चावला तेही काढता येतं, बगळा की म्हैस की माणूस. फ्लोरिडात १९७८ पासून राखणीच्या कोंबड्या ठेवतात. खुराड्यात बसतात, डास चावून घेतात, ठरलेल्या दिवशी रक्ताचा थेंब देतात. स्वतः आजारी पडत नाहीत, विषाणू पुढेही देत नाहीत. अण्णांना ही कल्पना एकदम पसंत पडली, पण त्यांनी शंका काढली की कोल्हापुरात ती कोंबडी गटारी अमावस्येपुढं टिकेल का. मला तरी शाश्वती नाही. आपण मात्र दरवर्षी काय करतो, तर पेशंट वाढले की धूर. गाडी गल्लीतून धूर सोडत जाते, खिडक्या लागतात, डास तासाभरानं परत. आपल्या गटारातल्या डासात काय आहे हे न बघता औषध मारायचं, म्हणजे टेस्ट न करता अँटिबायोटिक देण्यातलाच प्रकार.

अर्जाचं असं झालं की झाड राहिलं, बगळे उठून गेल्यावर गाडीवरच्या फांद्या तेवढ्या परवानगीनं छाटायच्या ठरल्या. अण्णांना गप्प करायला मी एक वही आणून त्यांच्या हातात दिली. आपल्या परिसरात मेलेलं पाखरू दिसलं की लिहायचं: तारीख, जागा, कोणतं, ताजं की वाळलेलं, आसपास काय. हात लावायचा नाही. एका जागी एकापेक्षा जास्त दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. पुढे पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने पाठवायचे की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. वाटलं होतं, चार दिवसांत वही रद्दीत जाईल.

परवा सकाळी साडेसहाला फोन. ‘ताई, कावळा पडलाय. एकदम ताजा. या लवकर.’ मी चपला सरकवून गेले. पाण्याच्या टाकीमागे डीपीखाली कावळा उताणा, एक पाय काळा पडलेला, पंखाची टोकं करपलेली. वर तारेवर दहा-बाराजण कालवा करत बसलेले. मी म्हटलं, ‘अण्णा, हा शॉक लागून गेला. ह्याचा आपल्याला उपयोग नाही.’

‘उपयोग न्हाई म्हंजे? मेलाय न्हवं?’ त्यांनी पेनचं टोपण दातात धरून वही मांडीवर घेतली. ‘उद्या आणिक चार पडलं तर त्यातलं डीपीचं कुठलं आन् रोगाचं कुठलं ह्ये कशावरनं सांगणार तुम्ही?’ आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: डीपी. तक्रार केली.